किरणे ‘कमरेपर्यंतच’ का आली? एका बातमीचे आणि एका धड्याचे परीक्षण

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जानेवारी संपता संपता कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणे आज कुठवर पोहोचली, हे तीत सांगितलेले असते. कधी चरणांपर्यंत, कधी कमरेपर्यंत, कधी मुखापर्यंत. आणि कधी उंबऱ्यापाशीच लुप्त झाली. शेवटची ओळही बहुधा ठरलेली. किरणे कमी पडली तर ढगाळ हवामानामुळे, धुरक्यामुळे किंवा हवेतील आर्द्रतेमुळे; आणि पोहोचली तर आभाळ निरभ्र होते म्हणून.

पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करतात तसे या बातमीचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. तिच्या जोडीला शाळेच्या पुस्तकातील ‘सूर्यास्ताच्या वेळी आकाश तांबडे का दिसते’ हा धडाही घेऊ. दोन्हींचा विषय एकच आहे, पण बातमी वाचताना धडा कोणाला आठवत नाही आणि धडा शिकवताना बातमी.

जे कोल्हापूरचे नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंबाबाईचे, म्हणजे महालक्ष्मीचे, देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोन वेळा मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबरा आणि चांदीचा उंबरा पार करतात आणि गाभाऱ्यातील मूर्तीवर पडतात. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या तारखा अशा: ९ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी या दिवशी किरणे चरणांवर, १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारीला छातीपर्यंत, ११ नोव्हेंबर आणि २ फेब्रुवारीला पूर्ण मूर्तीवर. यालाच किरणोत्सव म्हणतात. देवीचे बहुतेक उत्सव तिथीने येतात, हा मात्र इंग्रजी तारखेने येतो. उत्सव तिथीचा, म्हणजे चंद्राचा, नसून निव्वळ सूर्याचा आहे, एवढे तरी यावरून मुलांच्या लक्षात यावे.

बातमीचे गुण आधी सांगू. ती निरीक्षणाची बातमी आहे. कोणत्या मिनिटाला किरणे कोणत्या उंबऱ्यावर होती हे तीत पुष्कळदा दिलेले असते. स्थानिक महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक प्रकाशमापक घेऊन तेथे उभे राहतात आणि प्रकाशाची तीव्रता ‘लक्स’मध्ये छापून येते. धार्मिक उत्सवाच्या बातमीत लक्स हे एकक छापून यावे, ही आम्हाला फार मोलाची गोष्ट वाटते. महाद्वार रोडकडच्या इमारतींचे अडथळे मोजले जातात, त्यांवर चर्चा होते, हेही चांगलेच.

आता दोष. पहिला दोष तारखांचा आहे आणि तो बातमीपेक्षा जुना आहे.

सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, याला त्याची क्रांती म्हणतात. मावळताना सूर्य क्षितिजावर नेमका कुठे टेकणार, हे एखाद्या गावासाठी या एका आकड्यावरून ठरते. ९ नोव्हेंबरला संध्याकाळी सूर्याची क्रांती सुमारे १६.९ अंश दक्षिण असते आणि ११ नोव्हेंबरला सुमारे १७.४ अंश. त्यानंतर सूर्य आणखी दक्षिणेकडे जातो, २१–२२ डिसेंबरला थांबतो आणि परत फिरतो. ३१ जानेवारीला तो पुन्हा १७.४ अंशांवर आलेला असतो आणि २ फेब्रुवारीला १६.९ अंशांवर. म्हणजे ३१ जानेवारीचा सूर्य हा ११ नोव्हेंबरचाच सूर्य आहे. तो त्याच वाटेने खाली येतो, त्याच जागी टेकतो. मग ११ नोव्हेंबरला किरणे पूर्ण मूर्तीवर आणि ३१ जानेवारीला फक्त चरणांवर, असे कसे होईल?

हा प्रश्न वर्गात फळ्यावर मांडता येतो. कोल्हापूरचे अक्षांश १६.७ उत्तर. येथे सूर्य सरळ खाली बुडत नाही, उजवीकडे म्हणजे उत्तरेकडे झुकत बुडतो. एक अंश खाली येताना सुमारे ०.३ अंश उत्तरेला सरकतो. देवळाची आत येणारी वाट अरुंद आहे. सूर्य त्या वाटेच्या समोर येईल तेव्हाच किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचणार. त्या क्षणी सूर्य उंच असेल तर किरणे उतरती येतील आणि मूर्तीच्या खालच्या भागावर पडतील. सूर्य खाली गेलेला असेल तर किरणे जवळजवळ आडवी येतील आणि वरच्या भागावर पडतील. नोव्हेंबरात सूर्य रोज थोडा अधिक दक्षिणेला असतो, त्यामुळे वाटेच्या समोर येईपर्यंत त्याला अधिक खाली उतरावे लागते. म्हणून पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख, हा क्रम बरोबर बसतो. आकडेही जुळतात. एका दिवसात सूर्यास्ताची जागा सुमारे १७ कला सरकते, तेवढ्याने समोर येण्याच्या क्षणीची सूर्याची उंची जवळजवळ एक अंशाने बदलते, आणि ३० मीटर अंतरावर एक अंश म्हणजे सुमारे अर्धा मीटर. मूर्तीची उंची मीटरभराच्या आतली आहे, हे लक्षात घेतले की दोन-तीन दिवसांत चरणांपासून मुखापर्यंतचा प्रवास पटतो.

पण याच हिशेबाने जानेवारीत क्रम उलटा हवा. आधी मुखावर किरणे यावीत आणि शेवटच्या दिवशी चरणांवर. हवेने एखाद्या वर्षी घोटाळा होईल. पण दरवर्षी नेमका उलटा क्रम सुलटा करून देणे हवेला शक्य नाही. आमच्या मते चरण, छाती, मुख हा क्रम नोव्हेंबरच्या निरीक्षणातून आला असावा आणि भक्ताने देवीचे दर्शन चरणांपासून घ्यावे या रिवाजाने तो जानेवारीलाही लावला गेला असावा. हे आमचे अनुमान आहे. तपासणे सोपे आहे, कारण दोन्ही वेळच्या नोंदी दरवर्षी होतात. त्या शेजारी शेजारी ठेवून छापल्या गेल्या, तर प्रश्न चार-सहा वर्षांत निकालात निघेल.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी हवी. सूर्य बिंदू नाही. त्याची तबकडी सुमारे ३२ कलांची आहे, म्हणजे रोजच्या सरकण्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे प्रकाशाच्या पट्ट्याची कड ३० मीटरवर सुमारे २८ सेंटीमीटर इतकी धूसर असते. ‘कमरेपर्यंत’ आणि ‘गळ्यापर्यंत’ यांतला फरक पुष्कळदा या धूसर कडेत बुडून जातो. दुसरे म्हणजे लीप वर्ष. त्याच तारखेला सूर्य चार वर्षांच्या चक्रात पाऊण दिवसापर्यंत मागेपुढे असतो. तेव्हा ‘१० तारखेला छातीपर्यंत आली नाहीत’ म्हणजे काहीतरी बिघडले, असे लगेच समजण्याचे कारण नाही.

बातमीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ढग, धुरके, आर्द्रता आणि इमारती ही चार कारणे ती एकाच दमात सांगते. यातील इमारत किरण अडवते. आड आली की पट्ट्याला सरळ, स्वच्छ कड येते आणि प्रकाश एकदम तुटतो. ढगही अडवतो, पण त्याची वेळ रोज बदलते. धुरक्याचे तसे नाही. ते किरण अडवत नाही, झिजवते. प्रकाश उंबऱ्या-उंबऱ्यावर फिकट आणि तांबूस होत जातो आणि शेवटी तेथे प्रकाश आहे की नाही हेच सांगता येत नाही. तीन कारणांच्या तीन वेगळ्या खुणा आहेत आणि डोळ्यांनी त्या ओळखता येतात. ‘अडथळ्यांमुळे किरणे पोहोचली नाहीत’ असे लिहिताना कोणती खूण दिसली, हे लिहिलेले नसते. याला परिणाम आहेत. धुरक्याचा दोष शेजारच्या इमारतीवर गेला तर कोणाच्या तरी गच्चीवर हातोडा पडेल आणि किरणे तरीही पोहोचणार नाहीत.

धुरके किती झिजवते, याचा हिशेब साध्या गणकयंत्रावर करता येतो. सूर्य डोक्यावर असताना किरणांना जेवढी हवा ओलांडावी लागते तिला एक माप म्हणू. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आला की ही मापे साडेपाच होतात, ५ अंशांवर दहा, २ अंशांवर सुमारे वीस आणि क्षितिजाला टेकताना अडतीसच्या आसपास. किरणोत्सवाचा महत्त्वाचा काळ सूर्यास्तापूर्वीच्या दहा-पंधरा मिनिटांचा असतो, म्हणजे सूर्य साधारण दोन-तीन अंशांवर असतो. आपण वीस मापे धरू.

अगदी स्वच्छ हवेच्या एका मापातून निळा प्रकाश (तरंगलांबी ४५० नॅनोमीटर) सुमारे ८० टक्के थेट पार होतो आणि तांबडा (६५० नॅनोमीटर) सुमारे ९५ टक्के. हा फरक किरकोळ वाटतो. पण ०.८० ला स्वतःनेच वीस वेळा गुणले की उरतो जेमतेम १ टक्का, आणि ०.९५ ला गुणले की उरतात ३६ टक्के. मावळतीचा तांबडेपणा तो एवढाच. रॅली यांनी १८७१ मध्ये मांडलेला तरंगलांबीच्या चौथ्या घाताचा नियम या ८० आणि ९५ मध्ये दडलेला आहे, आणि उरलेले काम चक्रवाढ करते. व्याजाचे गणित शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे.

आता त्यात धुरके मिसळा. ते एका मापात आणखी १० टक्के प्रकाश अडवते असे माना. ०.९० चा विसावा घात म्हणजे सुमारे १२ टक्के. तेच २५ टक्के अडवते असे माना. ०.७५ चा विसावा घात म्हणजे हजारात तीन! दुपारी डोक्यावरच्या सूर्याकडून येणाऱ्या उजेडात हा १० आणि २५ टक्क्यांचा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही; विखुरलेला बराचसा प्रकाश खालीच येतो, आकाश जरा पांढुरके दिसते इतकेच. संध्याकाळी मात्र तोच फरक गाभाऱ्यातला थेट प्रकाश जवळजवळ चाळीसपट कमी करतो. ‘दिवसभर आकाश निरभ्र होते, तरी किरणे आली नाहीत’ या वाक्यात लोकांना जे गूढ वाटते ते येथे संपते.

हे धुरके येते कुठून? नोव्हेंबर म्हणजे कोल्हापूर भागात ऊसतोडणीचा आणि गाळपाचा प्रारंभ. गुऱ्हाळे पेटलेली असतात, तुटलेल्या फडांतील पाला पुष्कळ ठिकाणी जाळला जातो. दिवाळी याच सुमारास येते. पंचगंगेच्या खोऱ्यात संध्याकाळी जमिनीलगतची हवा लवकर गार होते आणि धूर वर न जाता खालीच पसरतो. त्यात आर्द्रता वाढली की धुराचे काही कण पाणी शोषून फुगतात आणि अधिक प्रकाश विखुरतात. आर्द्रतेला बातमीत दोष दिला जातो तो या अर्थाने बरोबर आहे. नुसती वाफ दृश्य प्रकाशाला फारसे काही करत नाही. तेव्हा किरणोत्सव हा जिल्ह्याच्या हवेचा वर्षातून दोनदा होणारा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखतचा तपास आहे. त्यासाठी देवळाकडे याहून संवेदनशील असे दुसरे उपकरण नाही.

आता धड्याकडे वळू. पाठ्यपुस्तकात प्रकाशाच्या विकिरणाचा एक सुंदर प्रयोग असतो. हायपोच्या द्रावणात आम्लाचे थोडे थेंब टाकायचे, गंधकाचे सूक्ष्म कण तयार होऊ लागतात, बाजूने पाहिले तर द्रावण निळसर दिसते आणि पलीकडच्या पडद्यावरचे प्रकाशाचे वर्तुळ नारिंगी, मग तांबडे होते. (विकिरण हा शब्द कोणी प्रारणासाठीही वापरतात आणि मुलांचा गोंधळ होतो, शिक्षकांनी पहिल्याच दिवशी अर्थ पक्का करून घ्यावा.) प्रयोग उत्तम आहे. आमची तक्रार एवढीच की वर्तुळ तांबडे झाले की ‘हाच सूर्यास्त’ असे म्हणून प्रयोग थांबवतात. तो थांबवू नये. आणखी काही मिनिटे गेली की गंधकाचे कण मोठे होतात, बाजूचा निळेपणा जाऊन द्रावण दुधासारखे पांढरे होते आणि पडद्यावरचे वर्तुळ फिके पडत पडत नाहीसे होते. गाभाऱ्यात न पोहोचलेली किरणे ती हीच. धड्याने अर्धा प्रयोग सांगितला आणि कोल्हापूरकरांना ज्याची गरज होती तो अर्धा वगळला.

यातूनच एक लोकप्रिय चूक जन्माला येते. ‘हवेत धूळ आणि धूर जितका जास्त, तितका सूर्यास्त रंगीत’ हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या तोंडूनही ऐकले आहे. जमिनीलगतच्या धुरक्याने सूर्य लाल टिकलीसारखा दिसतो खरा, पण आकाश मळकट होते आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरून जातो. रंकाळ्याच्या काठावर किंवा पन्हाळ्यावर ज्यांनी पावसाळ्यातली उघडीप पाहिली आहे त्यांना उलटा अनुभव असेल. पावसाने धुतलेली हवा आणि वर, खूप उंचावर, पातळ ढग असले की आकाश पेटते. रंग कमावणारी हवा स्वच्छ हवी आणि ते दाखवायला ढगांचा पडदा हवा. सूर्य आपल्यासाठी मावळल्यावरही उंच ढगांना तो दिसत असतो आणि तांबडे किरण त्यांच्यावर खालून पडत राहतात.

‘धुराने रंग वाढतात’ हा समज बहुधा ज्वालामुखींच्या गोष्टींवरून आला असावा. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकातोआचा स्फोट झाला आणि पुढे कित्येक महिने जगभर विलक्षण सूर्यास्त दिसले. सप्टेंबर १८८३ मध्ये मद्रास आणि सिलोनमध्ये तर सूर्य हिरवा, निळसर दिसला. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबोनंतर जांभळट संधिप्रकाशाच्या नोंदी झाल्या. पण ते कण आपल्या धुरक्यासारखे नव्हते. गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म थेंब वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर, पातळ थरात, महिनोन्‌महिने तरंगत राहिले. खालची हवा स्वच्छच होती. हिरव्या-निळ्या सूर्याला तर जवळजवळ एकाच आकाराचे, तरंगलांबीहून थोडे मोठे कण लागतात. तेव्हा रॅलीचा नियम चालत नाही आणि तांबडाच प्रकाश जास्त विखुरतो. १९५० च्या सप्टेंबरात कॅनडातील वणव्यांच्या धुराने ब्रिटनमध्ये निळा सूर्य दिसला, तोही असाच. धड्यात ‘कण’ हा एकच शब्द आहे. कणाचा आकार आणि त्याची उंची सांगितल्याशिवाय तो शब्द काहीच सांगत नाही.

धड्याने आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. सूर्य बुडाल्यावर डोक्यावरचे आकाश गडद निळे होते. तांबडेपणाचे स्पष्टीकरण पाठ केलेल्या हुशार मुलाने विचारावे की, आता तर प्रकाश फार लांबून येतो आहे, मग डोक्यावरचे आकाश पिवळट का होत नाही? नुसत्या रॅलीच्या नियमाने ते तसेच व्हायला हवे. १९५३ मध्ये हल्बर्ट यांनी दाखवून दिले की संध्याकाळचा तो निळा मुख्यतः ओझोनमुळे असतो; ओझोन नारिंगी प्रकाश शोषून घेतो. सत्तर वर्षे होऊन गेली, पण हा मुद्दा आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही शालेय पुस्तकात नाही.

बातमीच्या कडेला दरवर्षी एक वाद असतो, त्याबद्दल दोनच वाक्ये. एका बाजूला ‘प्राचीनांचे अद्भुत, आजच्या विज्ञानाला न उलगडलेले ज्ञान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘निव्वळ योगायोग’. किरणे येतात ती रेषा नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे झुकलेली असली पाहिजे. ती रेषा मुद्दाम आखली असेल तर आखणाऱ्याला एक काठी, दोरी आणि एक वर्ष धीर लागला असेल, आणि हे कौशल्य कमी मोलाचे नाही. हजार वर्षांत पृथ्वीच्या आसाचा कल बदलल्याने या तारखांत पडणारा फरक एका दिवसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच आहे, तेव्हा जुन्या बांधणीत आजही किरणे त्याच सुमारास यावीत यात अशक्य काही नाही.

आता शाळांनी काय करावे? कोल्हापूरला येण्याची गरज नाही. शाळेत पश्चिमेकडे खिडकी असलेली आणि समोर मोकळे क्षितिज असलेली एक खोली शोधावी. खिडकीला पुठ्ठा लावून त्यात हाताच्या पंजाएवढा चौकोन कापावा आणि समोरच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवावा. सूर्यास्तापूर्वीच्या पंधरा मिनिटांत दर दोन मिनिटांनी उजेडाच्या तुकड्याची जागा पेन्सिलीने आखावी, बाजूला वेळ आणि रंग लिहावा. घड्याळ नीट लावलेले हवे. १० नोव्हेंबरला कोल्हापुरात सूर्यास्त सुमारे सहाला होतो आणि १ फेब्रुवारीला सुमारे साडेसहाला. सूर्य तोच, घड्याळात मात्र अर्ध्या तासाचा फरक! त्याचे कारण काढायला मोठ्या मुलांना सांगावे. तुकडा एकदम तुटला की विरत गेला, हे वेगळ्या रकान्यात लिहावे. जवळ कुठे पाला जळत असेल तर तेही लिहावे. सूर्याकडे कोणी थेट पाहू नये, तो कितीही मंद वाटला तरी.

कागद ९ नोव्हेंबरच्या आधी लावावा आणि २ फेब्रुवारी झाल्याशिवाय भिंतीवरून काढू नये.